डाव्या कानातली बाळी

माझ्या धाकट्या भावाच्या डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक भोक आहे. आता ते रिकामं आहे, पण काही महिने त्यात तांब्याची बारीक बाळी होती. ते भोक दिसलं की माझं डोकं अजून फिरतं. मी शाळेत विज्ञान शिकवते, स्वभावाने तापट आहे, आणि वर्गातली मुलं पाठीमागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. शाळेतला राग घंटा झाली की उतरतो. हा उतरत नाही.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. यावल तालुक्यातल्या आमच्या केळीच्या गावात पुरुषाच्या अंडकोषाला सूज आली की त्याचा कान टोचतात. सूज उजवीकडे असेल तर डावा कान, डावीकडे असेल तर उजवा. खालच्या मऊ पाळीला नाही, वर, जिथे कान कडक असतो तिथे. शनिवारी सकाळी, उपाशीपोटी. टोचणारे आमच्याच गल्लीतले एक म्हातारे गृहस्थ. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नाना एक पैसा घेत नाहीत. घेत असते तर एखाद्याने कधीतरी विचारलं असतं, गुण नाही आला, आता काय? फुकटच्या कामाला कोण जाब विचारणार? म्हणून आजवर कोणी विचारला नाही.

बरं, ज्या दुखण्याचं नाव घरात कोणी तोंडातून काढत नाही, त्याची पाटी कानात अडकवून ही माणसं गावभर हिंडतात. बाळी दिसली की सगळ्यांना सगळं कळतं, कोणत्या बाजूला तेसुद्धा. मग सगळे दुसरीकडे बघतात आणि पावसापाण्याचं बोलतात.

आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, उजव्या कानात अशी बाळी वीस वर्षांपासून आहे. मी कॉलेजात होते तेव्हा ती आली. त्यानंतर आबांचे पायजमे शिंप्याकडून खास मापाचे शिवून यायला लागले, घेर एवढा की आत दोन माणसं मावावीत. मोटरसायकल त्यांनी विकून टाकली. म्हणाले, डोळ्यांना झेपत नाही. त्यांचे डोळे आजही सुईत दोरा ओवतील असे आहेत. आई होती तोवर ती रोज सकाळी एरंडाचं पान तव्यावर गरम करायची, आतल्या खोलीत नेऊन द्यायची आणि दार ओढून बाहेर यायची. ते पान कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. विज्ञानाची पदवी घेत होते मी तेव्हा.

त्या वर्षी भाऊबीजेला मी देवपूरहून माहेरी गेले. देवपूर म्हणजे धुळ्याचा पांझरेपलीकडचा भाग. माझं घर, माझी शाळा, सगळं तिथेच. भाऊ पाटावर बसला, मी ताट घेऊन वाकले, आणि निरांजनाच्या उजेडात त्याच्या डाव्या कानात ती तांब्याची तार चमकली. भाऊ बत्तीस वर्षांचा. त्याची चार वर्षांची मुलगी शेजारी बसून करंजीतलं सारण बोटाने उकरून खात होती. माझा हात थांबला. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. मग त्याने मान खाली घातली. मी टिळा लावला, अक्षता टाकल्या, ताट फिरवलं आणि विचारलं, "केळी कशी आहे यंदा?"

"बरी आहे, अक्का," तो म्हणाला.

त्या प्रश्नाचा मला जेवढा राग येतो तेवढा नानांचाही येत नाही. मला कळलं होतं. कोणत्या बाजूला हेही कळलं होतं. आणि मी केळीची चौकशी केली, ओवाळणीची साडी घेतली आणि दुसऱ्या दिवशीच्या बसने धुळ्याला परत आले.

सूज त्याला उन्हाळ्यातच लक्षात आली होती, हे मला नंतर समजलं. केळीची कापणी चालू असली आणि माणसं कमी पडली की भाऊ स्वतः घड खांद्यावर घेऊन ट्रकपर्यंत नेतो. त्याच्या जोडीला सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरचा एक मजूर असतो, त्याच्याच वयाचा. बायकापोरांसह आमच्याच बागेतल्या खोलीत राहतो. दोघं मिळून ट्रक भरतात. आंघोळ करताना भावाला उजवीकडे काहीतरी कडक लागलं, आवळ्याएवढं. दुखत नव्हतं. त्याने महिनाभर कोणाला सांगितलं नाही, मग हिंमत करून आबांना सांगितलं. आबांनी एकच विचारलं, "दुखते का?"

"नही दुखत."

"मंग कायले घाबरतं? घड वाह्यतं ना, पाणी उतरलं. मले वीस वर्सं झाले, मले काय झालं?"

आणि पुढच्या शनिवारी ते त्याला नानांकडे घेऊन गेले. बापाला काही झालं नाही म्हणून मुलालाही काही होणार नाही, एवढं साधं शास्त्र. आबांचं दुखणं हेच आमच्या घरातलं माप झालं. आबांनी ते दुष्टपणाने केलं नाही हे मला कळतं. पण प्रेमाने केलेल्या चुकीचा राग कमी येतो असं कोणी समजू नये.

होळीच्या आधी भावजयीचा फोन आला. ती फोनवर कधीच जास्त बोलत नाही. "अक्का, यायची पाठ लई दुखते. जेवण जात नही. समद्या पँटी ढिल्या झाल्या." मालिश झाली होती, लेप झाला होता, एका जाणकाराने कंबर मोडूनही दिली होती. मी म्हटलं, बरं, आणखी काय? ती हळूच म्हणाली, "आन ते वाढलं."

"काय वाढलं?"

"तेच."

मला माहीत होतं, तरी मी तिच्यावर ओरडले. तेच म्हणजे काय? त्याला नाव नाही का? ती रडायला लागली. ज्या शब्दासाठी मी तिच्यावर ओरडले तो शब्द मीही माझ्या तोंडाने उच्चारला नव्हता. फोन ठेवल्यावर मी सुट्टीचा अर्ज लिहिला आणि सकाळची बस धरली. ते दोघं परस्पर जळगावला आले. बसस्टँडवर मी भावाला ओळखलंच नाही आधी. त्याच्या गालांची हाडं वर आली होती.

ज्या सर्जनकडे गेलो ते मध्यम वयाचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी भावाला पडद्याआड नेलं आणि मदतनिसाला दिवे बंद करायला सांगितलं. आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर. पाच मिनिटांत दिवे लागले आणि त्यांनी आम्हाला आत बोलावलं. टेबलावर एक साधी टॉर्च पडली होती, घरात असते तशी.

"अंधारात टॉर्च टेकवली," डॉक्टर म्हणाले, "तर आत पाणी असेल तेव्हा सगळं लालसर उजळतं. यांच्यात उजेड जात नाही. आत भरीव काहीतरी आहे. कडक आहे आणि दुखत नाही. ते दुखत नाही हेच मला आवडलेलं नाही."

मग त्यांनी विचारलं, इथे सुई कोणी घातली? भावाने तेव्हा सांगितलं. दिवाळीनंतर तो आम्हाला कोणालाच न सांगता शेजारच्या बाजाराच्या गावात गेला होता. तिथे एक जण दवाखाना टाकून बसतो. त्याच्या पाटीवर डॉक्टर लिहिलंय, कशाचा ते लिहिलेलं नाही. त्याने पाणी काढतो म्हणून सुई खुपसली. पाणी आलं नाही, रक्त आलं. तर हा शहाणा म्हणाला, पाणी अजून पिकलं नाही, दोन महिन्यांनी ये. पाणी पिकलं नाही! आमची केळी पिकते, सीताफळ पिकतं, आता माणसाच्या अंगातलं पाणीही पिकायला लागलं.

सर्जननी पेन खाली ठेवलं. एवढा वेळ शांत असलेला तो माणूस पहिल्यांदा चिडला. "गाठीची शंका असेल तर तिथून सुई घालायची नसते. पसरायचा धोका असतो. आणि कानात हे काय आहे?" बाळीकडे बघून त्यांनी विचारलं. मला वाटतं त्यांना ठाऊक होतं. जळगावात इतकी वर्षं पुरुषांना तपासणाऱ्या माणसाला त्या बाळ्या दिसल्या नसतील हे शक्य नाही.

सोनोग्राफी झाली, रक्त तपासलं, पोटाचं स्कॅन झालं. कर्करोग होता. अंडकोषात सुरू होऊन पोटाच्या मागच्या बाजूच्या लसीकाग्रंथींपर्यंत गेला होता. पाठ म्हणून दुखत होती आणि आम्ही तिला तेल चोळत होतो. ऑपरेशन करून तो अंडकोष काढायचा, तोही खालून कापून नाही, जांघेतून. त्यानंतर किमोथेरपी. बरं होतं का, असं भावजयीने विचारलं. डॉक्टर म्हणाले, "कर्करोगांमधला हा त्यातल्या त्यात ऐकणारा आहे. पसरल्यावरही बरेच जण बरे होतात. आठ महिन्यांपूर्वी आले असता तर कदाचित ऑपरेशनवरच भागलं असतं. आता मी शब्द देणार नाही."

त्या दिवसापासून मी जे वाचलं आणि विचारून घेतलं, ते आता कोणालाही धरून सांगते. लग्नाच्या पंगतीतही सांगते, लोकांचा घास तोंडातच राहतो. तिथे सूज यायची कारणं एक नाहीत. अंडकोषाभोवती नुसतं पाणी साठतं, आबांसारखं. त्याने बहुधा जीवाला काही होत नाही, ऑपरेशन करून ते काढता येतं, नुसतं सुईने काढलं तर पुन्हा भरतं. कधी पोटातलं आतडं खाली उतरतं, आडवं झालं की आत जातं, खोकललं की फुगतं. ओझ्याने होतं ते हे, आणि ते अडकलं तर जीवावर बेततं. कधी अंडकोष आतल्या आत पिळवटतो, अचानक मरणाचं दुखतं, उलटी होते. तेव्हा हातात काही तासच असतात, नाहीतर तो कायमचा जातो. कधी जंतू शिरतात, ताप येतो, लघवीला जळजळतं, त्याला औषधांचा कोर्स लागतो. डासांनी होणारा हत्तीरोग असतो, शिरा फुगलेल्या असतात, मार लागलेला असतो. आणि कधी, तरण्याताठ्या माणसाला, न दुखणारी कडक गाठ असते. टॉर्चने सगळं कळत नाही, सोनोग्राफी लागतेच. पण एवढं तरी कळतं की घरी बसायचं नाही. यातलं एकही दुखणं कानातून बरं होत नाही.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सने अंगावरचं सगळं धातूचं काढायला लावलं. करदोडा निघाला, अंगठी निघाली, बाळी निघेना. भोक चिकटलं होतं. तिने पकडीने ती तार कापली तेव्हा आबा दारातून म्हणाले, "ते राहू द्या, बाई. तेवढ्यानंच थांबेल आहे." मी आबांना आयुष्यात पहिल्यांदा उलट बोलले. म्हटलं, काय थांबलंय, आबा? दाखवा मला काय थांबलंय. आबा बाहेर जाऊन उभे राहिले. डॉक्टरांनी त्यांनाही तपासून घ्या म्हणून सांगितलं होतं. आबा म्हणाले, "मले काय धाड भरली?"

किमोसाठी भाऊ माझ्याकडे देवपूरला राहिला. पुढच्या खोलीत पलंग टाकला. माझ्या सासूबाई मूळच्या साक्रीकडच्या, त्या त्याच्यासाठी रोज पेज करायच्या आणि ती तशीच परत आली की माझ्याकडे बघून म्हणायच्या, "माय वं, बठ्ठा माणसे असाच शेतस. मरी जातीन, पन बोलतस नही." सगळे पुरुष असेच, मरतील पण बोलायचे नाहीत. केस गेले, भुवया गेल्या. त्याला उलटीचा आवाजही कोणाला ऐकू जाऊ नये असं वाटायचं, म्हणून तो मोरीतला नळ मोठा सोडायचा. त्या नळाच्या आवाजाने मी स्वयंपाकघरात दात आवळून उभी राहायचे.

एका दुपारी मी त्याला विचारलंच. मला का नाही सांगितलंस?

"कोनाले सांगू?" तो भिंतीकडे बघत म्हणाला. "आबाले सांगलं, आबानं नानाकडे नेलं. बायकोले सांगलं, ते रडली. मंग तुले सांगू?"

"मला सांगायचं होतंस. मी शिकवते हे."

तो हसला. भुवया नसलेला तो चेहरा हसला की ओळखीचा वाटत नसे. "शिकवतं? अक्का, माह्या दहावीले तू त तो धडा सोडूनच देला व्हता."

मला ते आठवलं, लख्ख आठवलं. मी नुकतीच बीएड होऊन घरी आले होते, सुट्टीत त्याचं विज्ञान घेत होते. प्रकाश शिकवला, आम्लं शिकवली, धातू शिकवले. प्रजननाचा धडा आला तेव्हा म्हटलं, हे सोपं आहे, तुझं तू वाच. तो म्हणाला, बरं. आणि त्याच्यानंतर शाळेत मी दर वर्षी तेच केलं. घरी वाचून या, परीक्षेत फार येत नाही, असं म्हणून पान उलटायचं. परीक्षेत ते येतं. मी खोटं बोलत होते, आणि चाळीस-पन्नास मुलं दर वर्षी सुटल्यासारखी हुश्श करायची. त्यात मुलींपेक्षा मुलगे जास्त असायचे.

त्या आठवड्यात वर्गात दुसराच धडा चालू होता. मी तो बंद केला आणि हा काढला. फळ्यावर आकृती काढली, अंडकोष हा शब्द मोठ्याने म्हटला, मुलांकडून म्हणवून घेतला. मागच्या बाकावर खिदळणं सुरू झालं. मी म्हटलं, हसून घ्या, माझा भाऊ घरी पडलाय, त्याला हसण्यामुळेच कोणाला सांगता आलं नाही. इथे गाठ लागली, सूज आली, दुखो न दुखो, घरात सांगायचं, घरात ऐकलं नाही तर मला सांगायचं, आणि अचानक दुखायला लागलं तर त्याच मिनिटाला सांगायचं. मुख्याध्यापकांनी बोलावून घेतलं. पालकांचे फोन येतील, मॅडम, असं म्हणाले. मी म्हटलं, येऊ द्या, माझ्याकडे जोडा. एकही आला नाही.

उन्हाळा संपत आला तेव्हा भावाचं स्कॅन स्वच्छ आलं. डॉक्टर म्हणाले, काही वर्षं तपासणीला येत राहावं लागेल, पण आता घरी जा. मी त्यांच्यासमोरच रडले. भाऊ गावी गेला, आबांनी सत्यनारायण ठेवला, आणि पूजेला मीही गेले.

मला वाटलं होतं आता गावाला अक्कल आली असेल. गल्लीत शिरले तर पहिल्याच ओट्यावर एकाच्या कानात नवी कोरी बाळी. पुढे पिठाच्या गिरणीपाशी दुसरी. घरापर्यंत पोचेस्तोवर मी पाच मोजल्या. भावजयीला विचारलं तर म्हणाली, लोक म्हणतात यायले बाळीनं वाचवलं. कॅन्सर होता तरी माणूस उठून उभा राहिला, म्हणजे बाळीचाच गुण. ऑपरेशनला ती कापली म्हणून एवढ्या उलट्या झाल्या म्हणे, नाहीतर त्याही झाल्या नसत्या. माझा भाऊ तीन महिने मोरीत नळ सोडून ओकत होता, आणि जगला त्याचं श्रेय तांब्याच्या तारेला! त्याचं जगणं हीच नानांची जाहिरात झाली होती.

पूजा आटोपली. ओट्यावर माणसं पानावर बसायच्या तयारीत होती. नाना खुर्चीवर बसले होते आणि आबा टॉवेल, टोपी आणि नारळ घेऊन त्यांच्यासमोर उभे राहिले, सत्कार करायला. तेव्हा माझं तोंड सुटलं.

"नाना, या उन्हाळ्यात किती कान टोचले?"

नाना शांतपणे म्हणाले, "येतात लोकं, पोरी. मी कोनाले बोलवत नही. तुह्या भाऊले पाह्य ना, उभा आहे."

"तो औषधाने उभा आहे. तुमच्या बाळीने त्याचे आठ महिने खाल्ले. कितीजण आले तुमच्याकडे? एकालाही म्हणालात का, आधी डॉक्टरकडे जाऊन ये?"

"बाई," आबा दबक्या आवाजात म्हणाले, "बायामानसानं हे बोलू नये. घरात पूजा आहे."

मी त्यांनाही काहीतरी बोलणार होते, तेवढ्यात बागेतला तो मजूर, भावाच्या जोडीने घड वाहणारा, केळीच्या पानांचा भारा घेऊन ओट्याची पायरी चढला. उजव्या कानाच्या वरच्या कडेला तांब्याची तार. भोवतालची कातडी अजून लाल होती. म्हणजे सूज डावीकडे. भावजयीसमोर, शेजारणींसमोर, मांडवभर माणसांसमोर मी त्याला विचारलं, "कधीपासून सूज आहे?"

त्याने भारा खाली ठेवला. कान लपवायला हात वर नेला. "दोन महिने झाले, बाई. काही तरास नही." आणि मग तेच म्हणाला. "दुखत नही."

सगळे दुसरीकडे बघत होते, गिरणीकडे, मांडवाकडे, स्वतःच्या पायांकडे. मीच एकटी त्याच्या कानाकडे बघत उभी होते. मग भिंतीला टेकून बसलेला माझा भाऊ उठला. त्याच्या डोक्यावर नुकते बारीक केस आले होते. तो त्या मजुराजवळ गेला आणि त्याचा दंड धरला.

"चाल, मधात चाल." मग तो आबांकडे वळला. "आबा, तुम्ही बी चला."

"मी कसाले?"

"याले दाखवाचं आहे," भाऊ सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला. "पाणी असलं म्हनजे उजेड कसा दिसते, अन् नसलं म्हनजे कसा. नुसतं सांगून त्याले समजाचं नही. तुमच्यात पाणी आहे. तुम्ही दाखवा त्याले."

आबा टॉवेल-टोपी हातात घेऊन तसेच उभे. वीस वर्षं ज्या गोष्टीवरून त्यांनी मोटरसायकल विकली, पायजम्याचे घेर वाढवले, बायकोशीही कधी धड बोलले नाहीत, ती गोष्ट त्यांचा मुलगा सगळ्या गावासमोर मागत होता. मला वाटलं आता ते ओरडतील. त्यांनी टॉवेल, टोपी आणि नारळ नानांच्या मांडीवर ठेवला. कपाळाला टिळा लावायचा राहिलाच. मग एका हाताने पायजमा सावरत ते आत गेले.

भावाने माझा मोबाइल मागितला. "तुह्याचा उजेड जास्त आहे." मी तो दिला. तिघं आतल्या खोलीत शिरले, जिथे आई ते पान नेऊन द्यायची. खिडकी लावल्याचा आवाज आला, मग दार लागलं. मजुराची बायको पायरीखाली उभी होती, तिने पदराचं टोक तोंडात धरलं होतं. नाना नारळाकडे बघत बसले होते.

दार उघडून आबा आधी बाहेर आले. ते माझ्याजवळ आले नाहीत, ओट्याच्या मधोमध उभे राहिले आणि साऱ्यांना म्हणाले, "माह्यं लाल दिसलं. त्याचं नही दिसलं. त्याचं त मधात अंधारंच आहे."

स्वतःच्या सुजेबद्दल आबांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं वाक्य. मग त्यांनी गाडी काढायला सांगितली, म्हणाले, जेवणं नंतर, आधी जळगाव, आणि त्या बाजाराच्या गावात थांबायचं नाही. "मी बी येतो," असं म्हणून ते स्वतः पुढच्या सीटवर जाऊन बसले. भाऊ त्या मजुराला घेऊन मागे बसला, त्याच्या बायकोला मी माझ्याजवळ घेतलं. त्याचं काय निघेल, आतडं की गाठ, ते सोनोग्राफी झाल्याशिवाय कळणार नव्हतं.

गाडी सुरू झाल्यावर भावाने मोबाइल मला परत दिला. दार लागल्यापासून उघडेपर्यंत दोन मिनिटंही झाली नव्हती. खोली तीच होती, घर तेच, आणि हाच मोबाइल भाऊबीजेलाही माझ्या पिशवीत होता. आणि मी त्याला विचारलं होतं, केळी कशी आहे यंदा.